‘मोल्सवर्थ’ आडनावाचा चौकटबंद इतिहास : गाव खरे, ढाल उसनी

इंग्लंडमध्ये भेटवस्तूंच्या दुकानांत आणि ऑनलाइन विक्रेत्यांकडे आडनावाचा इतिहास चौकटीत बसवून मिळतो. आपण आडनाव कळवायचे. विक्रेता जुन्या चर्मपत्राचा भास होईल अशा पिवळसर कागदावर त्या आडनावाची उत्पत्ती, जुन्या नोंदी, ते धारण करणाऱ्या काही नामवंत व्यक्ती आणि सर्वांत वर एक रंगीत ढाल असे सारे छापून घरपोच पाठवतो. अशी एक चौकट मी ‘मोल्सवर्थ’ या आडनावासाठी मागवली. ती पुण्यातील आमच्या एका निवृत्त मराठीच्या सरांना भेट द्यायची होती. ज्यांनी आयुष्यभर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश हाताशी ठेवून शिकवले, त्यांना त्या आडनावाची मुळे पाहून आनंद होईल असा त्यामागे हेतू होता. वस्तू हातात आल्यावर मी तिचा मजकूर सावकाश आणि इतर नोंदींशी ताडून वाचला. आडनावांबद्दल आस्था असणाऱ्या मराठी वाचकांपैकी अनेक जण इंग्लंड-अमेरिकेत राहतात, सहकाऱ्यांना आणि मित्रांना अशा वस्तू भेट देतात, म्हणून हे परीक्षण सविस्तर लिहीत आहे. विक्रेत्याचे नाव देत नाही, कारण असा माल विकणारे पुष्कळ आहेत आणि मी पाहिलेल्या इतर नमुन्यांतही दोष साधारण याच जातीचे होते.

वस्तू म्हणून पाहिले तर तक्रारीला फारशी जागा नाही. चौकट लाकडी आहे, काच नीट बसवलेली आहे, छपाई ठसठशीत आहे आणि ढालीचे रंग फिके पडलेले नाहीत. कागदाच्या कडा जळाल्यासारख्या तपकिरी दाखवण्याची हौस मला आवडली नाही, पण ती रुचीची गोष्ट झाली. मजकुराचा टाइप मात्र गॉथिक वळणाचा आणि इतका दाट आहे की वयस्क माणसाला तो भिंतीवरून वाचता येणार नाही. वाचायचा असेल तर चौकट खाली उतरवून मांडीवर घ्यावी लागते.

मजकुराचा पहिला परिच्छेद या वस्तूतील सर्वांत मोलाचा भाग आहे आणि तो बहुतांशी बरोबर आहे. मोल्सवर्थ हे गावावरून पडलेले आडनाव आहे. हे गाव हंटिंगडनशायरमध्ये, हंटिंगडन शहराच्या पश्चिमेला आहे. १९७४ च्या प्रशासकीय फेररचनेनंतर तो सारा भाग केंब्रिजशायरमध्ये मोडतो. गावाच्या नावाचे दोन घटक आहेत. पहिला ‘मूल’ हे जुन्या इंग्रजीतील पुरुषाचे नाव, आणि दुसरा ‘वर्थ’, म्हणजे कुंपण घातलेली वस्ती किंवा शेतघर. मूल नावाच्या कोणा माणसाची कुंपणातली वस्ती, एवढाच त्याचा अर्थ. हा मूल कोण होता ते कोणी सांगू शकत नाही, परंतु त्या काळी हे नाव प्रचारात होते याला चांगला पुरावा आहे : सातव्या शतकात केंटच्या गादीवर बसलेला आणि ६८७ मध्ये जाळून मारला गेलेला राजा मूल, वेसेक्सच्या कॅडवालाचा भाऊ, हे त्याचे ठळक उदाहरण. इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन राजा विल्यमने १०८६ मध्ये करवलेल्या मोजणीत, म्हणजे डूम्सडे बुकात, हे गाव ‘मोल्सवर्दे’ अशा रूपात नोंदलेले आहे. हे सर्व कागदावर नेटक्या शब्दांत आले आहे, आणि त्यासाठी लेखकाला श्रेय दिले पाहिजे.

पुढच्याच वाक्यात मात्र कागद घसरतो. ‘मोल्सवर्थ घराण्याची पहिली नोंद १०८६ सालची आहे’ असे तेथे ठामपणे म्हटले आहे. १०८६ ची नोंद गावाची आहे, घराण्याची नाही. त्या मोजणीला गावातील जमीन, नांगर, कुरणे आणि येणारा महसूल यांच्याशी कर्तव्य होते. त्या गावावरून आडनाव लावणारा एकही माणूस तेव्हा अस्तित्वात असल्याचे त्यातून सिद्ध होत नाही. गावाचे वय आडनावाला चिकटवणे ही या संपूर्ण धंद्यातील सर्वांत सर्रास चूक आहे, आणि ती निरुपद्रवी नाही, कारण ती वाचणारा माणूस आपल्या घराण्याला दोनशे वर्षे फुकट जोडून घेतो आणि पुढे कागदपत्रे धुंडाळताना ती न सापडल्याने निराश होतो.

गावावरून आडनाव कसे पडते याची प्रक्रियाच या कागदाने सांगितलेली नाही, आणि माझ्या मते खरी मौज तिथेच आहे. मोल्सवर्थ गावात राहणाऱ्या माणसाला गावकरी ‘मोल्सवर्थचा’ म्हणून हाक मारणार नाहीत, कारण तेथील सगळेच मोल्सवर्थचे. तो माणूस गाव सोडून दुसरीकडे गेला, तिथे जमीन घेतली, नोकरी धरली किंवा धंदा मांडला, की नव्या ठिकाणचे लोक त्याला मूळ गावाने ओळखू लागतात. चिपळूणकर चिपळुणात शोधण्यापेक्षा पुण्यात शोधावेत हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. यातला अपवाद जमीनदारांचा. गावाची मालकी ज्याच्याकडे असे तो नॉर्मन रीतीप्रमाणे गावातच राहूनही त्या गावाचे नाव लावी, आणि लॅटिन किंवा फ्रेंचमध्ये दप्तर लिहिणारे कारकून त्याच्या नावाआधी ‘द’ हा षष्ठीदर्शक शब्द घालीत. मोल्सवर्थांच्या बाबतीत वंशावळीची सुरुवात ज्याच्यापासून धरतात तो सर वॉल्टर द मोल्सवर्थ हा पहिल्या एडवर्डच्या काळातला, बेडफर्डशायर आणि बकिंगहॅमशायर या दोन परगण्यांचा शेरीफ होता. त्या दोन परगण्यांना तेव्हा मिळून एकच शेरीफ असे आणि ही पद्धत सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत चालली. म्हणजे हंटिंगडनशायरच्या गावाचे नाव लावणारा हा माणूस शेजारच्या परगण्यांत राजाचा वसूल आणि न्यायाची कामे पाहत होता. १०८६ आणि वॉल्टर यांच्यामध्ये दोन शतकांचे अंतर आहे. पुढे चौदाव्या-पंधराव्या शतकांत ‘द’ गळून पडला, बापाचे आडनाव मुलाने लावण्याची रीत स्थिरावली, आणि १५३८ पासून प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदवह्या ठेवण्याचा हुकूम झाल्यावर सामान्य घरांचीही आडनावे कागदावर सलग दिसू लागली. घराण्याचा इतिहास विकणाऱ्या वस्तूत या दोन-तीन वाक्यांना जागा मिळायलाच हवी होती.

आणखी एक गोष्ट विक्रेत्याच्या फायद्याची असूनही त्याने सोडून दिली आहे. गावावरून पडलेली सगळी इंग्रजी आडनावे सारख्याच खात्रीने एका ठिकाणी पोचवता येत नाहीत. न्यूटन म्हणजे नवे गाव, सटन म्हणजे दक्षिणेकडचे गाव, नॉर्टन म्हणजे उत्तरेकडचे. अशा नावांची गावे इंग्लंडभर इतकी आहेत की दोन न्यूटन कुटुंबांचे मूळ गाव एकच असण्याचे काहीच कारण नाही. ज्या नावात एका विशिष्ट माणसाचे नाव दडलेले असते त्यांची गोष्ट वेगळी. क्रिकेटच्या पावसाळी हिशेबामुळे आपल्या घराघरांत पोचलेले डकवर्थ हे आडनाव लँकशायरमधील बरी शहराजवळच्या डकवर्थ फोल्ड या लहानशा जागेपाशी जाते. मोल्सवर्थ हे याच जातीचे आहे. इंग्लंडच्या नकाशावर या नावाचे गाव एकच, तेही लहान, त्यामुळे आज जगात कुठेही मोल्सवर्थ आडनावाचा माणूस भेटला तर त्याच्या आडनावाचा उगम या एका गावात आहे असे बऱ्याच विश्वासाने म्हणता येते. एक गाव म्हणजे एक कुटुंब असे मात्र नव्हे. वॉल्टरसारखा सरदार त्या गावातून निघाला तसाच एखादा कूळ किंवा मजूरही निघाला असेल, आणि दोघांनाही नव्या ठिकाणी तेच नाव चिकटले असेल. गाव समान असणे आणि रक्त समान असणे यांतला हा फरक कागदाने पुसून टाकला आहे.

तो पुसण्याचे कारण वर छापलेल्या ढालीत आहे. लाल पार्श्वभूमी, मधोमध निळ्या-पांढऱ्या घंटाकार नक्षीची लहान ढाल आणि तिच्याभोवती आठ सोनेरी क्रूस, असे हे चिन्ह आहे; ते मोल्सवर्थांचे आहे याबद्दल शंका नाही, आणि छापलेही सुंदर आहे. परंतु खालची पट्टी म्हणते ‘मोल्सवर्थ कुलचिन्ह’, आणि तेवढ्यात सारा घोटाळा आहे. इंग्लंडमध्ये ढालचिन्ह आडनावाला दिले जात नाही. ते एका व्यक्तीला दिले जाते आणि तिच्या वैध पुरुषवंशजांकडे वारशाने जाते. लंडनचे कॉलेज ऑफ आर्म्स, ज्याला १४८४ मध्ये तिसऱ्या रिचर्डने सनद दिली, ते हाच नियम सांगते : आडनाव सारखे आहे एवढ्यावरून कोणालाही ढाल वापरण्याचा हक्क पोचत नाही. सोळाव्या-सतराव्या शतकांत या संस्थेचे अधिकारी परगण्या-परगण्यांत फिरून कोण कोणते चिन्ह वापरतो ते तपासत असत, आणि हक्क सिद्ध न करणाऱ्यांना ते सोडायला लावीत. स्कॉटलंडमध्ये तर हा कायदा आजही कडक आहे.

मोल्सवर्थांचेच उदाहरण घेतले तरी हे लगेच उलगडते. कॉर्नवॉलमध्ये बॉडमिनजवळ पेनकॅरो येथे स्थायिक झालेली एक शाखा आहे, तिला १६८९ मध्ये बॅरोनेट ही वारशाने चालणारी पदवी मिळाली आणि तिचे बिरुदवाक्य ‘सिक फिदेम तेनेओ’, म्हणजे ‘अशी मी निष्ठा राखतो’, असे आहे. दुसरी शाखा आयर्लंडमधली. तिच्यातील रॉबर्ट मोल्सवर्थ हा इंग्लंडचा डेन्मार्कमधला राजदूत होता आणि १७१६ मध्ये तो व्हायकाउंट, म्हणजे वंशपरंपरेने चालणाऱ्या किताबाचा सरदार, झाला. या शाखेचे बिरुदवाक्य ‘विन्सित आमोर पात्रिए’, म्हणजे ‘देशप्रेमाचाच जय होतो’. माझ्या चौकटीत ढालीखाली आयरिश शाखेचे वाक्य आहे आणि मजकुरात गौरव मुख्यतः कॉर्नवॉलच्या शाखेचा आहे. ज्याने हे जुळवले त्याला दोन शाखा वेगळ्या आहेत हेच ठाऊक नसावे.

नामवंतांच्या यादीबद्दल मला अधिक गंभीर आक्षेप आहे. पहिला बॅरोनेट हेंडर मोल्सवर्थ याच्याविषयी ‘जमैकाचा कर्तबगार गव्हर्नर’ एवढेच लिहिले आहे. हेंडर १६८४ ते १६८७ या काळात जमैकाचा कारभार पाहत होता हे खरे. पण तो रॉयल आफ्रिकन कंपनीचा तेथील हस्तकही होता, आणि ती कंपनी आफ्रिकेतून माणसे पकडून आणून गुलाम म्हणून विकण्याचा व्यापार करीत होती. आडनावाचा इतिहास घरात टांगायला म्हणून विकत घेणाऱ्या माणसाला ही गोष्ट कळायला हवी, आणि ती लपवून केलेला गौरव मला पटत नाही. याउलट तिसरा व्हायकाउंट रिचर्ड याने १७०६ मध्ये रामिलीसच्या लढाईत इंग्रज सेनापती ड्यूक ऑफ मार्लबरो घोड्यावरून पडला तेव्हा आपला घोडा देऊन त्याचा जीव वाचवला, ही गोष्ट कागदावर रंगवून आली आहे आणि ती आहेही रंगतदार. सर विल्यम मोल्सवर्थ हा १८१० ते १८५५ या काळातला आठवा बॅरोनेट, त्याने तत्त्वज्ञ हॉब्ज याचे समग्र लेखन संपादित केले आणि अखेरच्या वर्षी तो वसाहतमंत्री झाला. त्याच्या वाट्याला एक ओळ आली आहे, ती पुरेशी आहे.

पण या यादीत जेम्स टॉमस मोल्सवर्थ नाही. सरांनी चौकट मांडीवर घेतली, चष्मा पुसला, यादीवरून बोट फिरवले आणि पहिलाच प्रश्न विचारला, “अहो, आपला कोशकार कुठे आहे?” तो कुठेच नव्हता. १७९५ मध्ये जन्मलेला, कोवळ्या वयात मुंबईच्या फौजेत दाखल झालेला हा माणूस मराठी शिकला. पंडितांना हाताशी धरून, गावोगावचे, पेशापेशांचे, बायकांच्या आणि शेतकऱ्यांच्या तोंडचे शब्द त्याने जमवले. जॉर्ज आणि टॉमस कँडी या बंधूंच्या साहाय्याने १८३१ मध्ये त्याचा मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला आणि वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये निघाली, तिच्यात सुमारे साठ हजार शब्द आहेत. पुण्यातून १९७५ मध्ये तिचे पुनर्मुद्रण झाले, शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ती आज कोणालाही विनामूल्य शोधता येते, आणि जुनी मराठी वाचताना अडलेला माणूस अजूनही तिच्याकडेच वळतो. कोट्यवधी लोकांच्या भाषेत हे आडनाव रोजच्या वापरात आहे ते हॉब्जच्या संपादकामुळे किंवा मार्लबरोच्या घोड्यामुळे नव्हे. याद्या बनवणाऱ्यांच्या नजरेत सरदार, सेनापती आणि मंत्री भरतात. वीस-पंचवीस वर्षे शब्द वेचणारा फौजी अधिकारी त्यांना दिसत नाही. मला हे या वस्तूचे सर्वांत मोठे न्यून वाटते, आणि मराठी माणसाने हे आडनाव मागवले असता तर ते अक्षम्यच आहे.

आडनाव गावातून निघून पुन्हा गावांच्या, रस्त्यांच्या नावात कसे परतते याचाही मोल्सवर्थ हा सुरेख नमुना आहे, आणि तोही कागदावर आलेला नाही. डब्लिनमध्ये आयरिश संसदेच्या लीन्स्टर हाउससमोर मोल्सवर्थ स्ट्रीट आहे, तो व्हायकाउंट घराण्याच्या जमिनीवर आखला गेला. न्यूझीलंडची राजधानी वेलिंग्टन येथेही संसदेलगतच्या रस्त्याचे नाव मोल्सवर्थ स्ट्रीटच आहे, आणि त्याच देशाच्या दक्षिण बेटावर मोल्सवर्थ स्टेशन नावाचे सुमारे १,८०,००० हेक्टरचे पशुपालन क्षेत्र आहे, जे देशातील सर्वांत मोठे मानले जाते. ज्या कुंपणातल्या वस्तीवरून हे नाव आले तिच्या शेजारी मुंबईतील एखादे उपनगरही अवाढव्य वाटेल, आणि पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला तेच नाव एवढ्या विस्तीर्ण कुरणाला लागले आहे.

मूळ गाव मात्र लहानच राहिले. शेजारच्या ब्रिंग्टनशी जोडलेला तो पॅरिश आहे, सेंट पीटरचे जुने चर्च आहे, त्यात सेंट ख्रिस्तोफरचे मध्ययुगीन भित्तिचित्र आहे. विसाव्या शतकात गावाचे नाव जगाला कळले ते विमानतळामुळे. दुसऱ्या महायुद्धात १९४२ पासून अमेरिकेचा ३०३ वा बॉम्बफेकी गट येथून जर्मनीवर उड्डाणे करीत होता. १९८० च्या दशकात येथे अण्वस्त्रधारी क्रूझ क्षेपणास्त्रे ठेवण्याचे ठरले, तेव्हा शांततावाद्यांनी तळाबाहेर छावणी उभारली, आणि फेब्रुवारी १९८५ मध्ये संरक्षणमंत्री मायकेल हेझलटाइन यांच्या देखरेखीखाली रातोरात सैन्य आणून ती उठवण्यात आली. या सगळ्याचा आडनावाशी वंशावळीचा संबंध नाही, हे कबूल. तरी गावाच्या नावावर आडनाव उभे असताना गावाचा पुढचा इतिहास दोन ओळींत यायला हरकत नव्हती.

सेवेविषयी थोडे. माल वेळेवर आला, वेष्टन भक्कम होते. आडनावाच्या नोंदी कोणत्या साधनांतून घेतल्या असे मी ईमेलने विचारले, तेव्हा ‘आमच्या संग्रहातून’ एवढेच उत्तर आले, आणि बिरुदवाक्याची गल्लत दाखवून दिल्यावर बदली प्रतीऐवजी पुढील खरेदीवर सवलत देऊ करण्यात आली. इतिहास म्हणून जे विकले जाते त्याचा आधार विचारण्याचा ग्राहकाला हक्क आहे, आणि तो नाकारणे मला सौम्य शब्दांतही समर्थनीय वाटत नाही.

विशेषतः वाईट याचे वाटते की ही माहिती मिळवणे आज अवघड राहिलेले नाही. १९२३ मध्ये स्थापन झालेली इंग्लिश प्लेस-नेम सोसायटी एकेक परगणा घेऊन प्रत्येक गावाच्या नावाची जुनी रूपे सालांसह प्रसिद्ध करीत आली आहे, आणि बेडफर्डशायर-हंटिंगडनशायरचा खंड १९२६ मध्येच निघाला. डूम्सडे बुकातील गावांच्या नोंदी इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतात. १ जुलै १८३७ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सरकारी नोंदणी सुरू झाली, तिची सूची स्वयंसेवकांनी टंकून ‘फ्रीबीएमडी’ या संकेतस्थळावर ठेवली आहे, आणि १८८१ च्या शिरगणतीवरून एखादे आडनाव तेव्हा कोणकोणत्या परगण्यांत वसले होते ते कोणालाही मोजता येते. गिल्ड ऑफ वन-नेम स्टडीज ही १९७९ मध्ये स्थापन झालेली संस्था तर एकेका आडनावाला वाहून घेतलेल्या हौशी अभ्यासकांचीच आहे. एका संध्याकाळी शांतपणे बसले तर या कागदापेक्षा खात्रीचा कागद घरी तयार होतो.

तरीही ज्यांना तयार चौकटच हवी आहे त्यांनी मागवण्यापूर्वी मजकुराचा नमुना वाचायला मागावा, आणि त्यात गावाची पहिली नोंद व आडनाव लावणाऱ्या माणसाची पहिली नोंद अशी दोन वेगळी साले दिली आहेत का ते पाहावे. दोन्हींच्या जागी एकच साल असेल तर तो कागद घेऊ नये. बहुतेक विक्रेत्यांकडे ढाल नसलेली, केवळ मजकुराची आवृत्तीही मिळते आणि ती स्वस्त असते. मोल्सवर्थसाठी मला तीच पुरली असती. सरांनी चौकट परत केली नाही. मागच्या पुठ्ठ्यावर त्यांनी आपल्या हाताने ‘जेम्स टॉमस मोल्सवर्थ, कोशकार, १८३१’ अशी एक ओळ लिहून ती कपाटात कोशाशेजारी उभी करून ठेवली आहे.